महिन्याची खरेदी शंभर भागांत: चार माणसांच्या घराचा प्रकरण अभ्यास

चार माणसांचे घर. दोघे नोकरी करणारे, एक शाळेत जाणारे मूल आणि एक आजी. मिळकत पुरेशी आहे, तरी महिनाअखेर हाताशी काही उरत नाही. भाडे, शाळा, कर्जाचे हप्ते हे खर्च ठरलेले आहेत आणि त्यांना लगेच हात लावता येत नाही. राहिली ती रोजची खरेदी: किराणा, भाजी-फळे, दूध, साबण-सोडा, साफसफाईच्या वस्तू आणि त्यांच्याबरोबर येणारे किरकोळ काहीबाही. घरात कोणालाच आपण उधळे आहोत असे वाटत नव्हते आणि ते खरेही होते. एकेक बिल वेगळे काढून पाहिले, तर नाव ठेवावे असे त्यात काही नव्हते.

हे घर नमुना म्हणून रचले आहे. नेहमी आढळणाऱ्या सवयी त्यात एकत्र केल्या आहेत आणि आकडे हिशेबाची रीत दाखवण्यासाठी घेतले आहेत. चलन कोणतेही असो, महिन्याची सगळी रोजची खरेदी मिळून १०० भाग असे धरले आहे. आपले बिल कितीही असले, तरी त्याचे शंभर भाग करून हीच पडताळणी करता येते.

आधी महिनाभर फक्त नोंद

पहिले चार आठवडे काहीही बदलायचे नाही, एवढाच नियम होता. नोंद ठेवता ठेवता काटकसरही सुरू केली, तर मूळ परिस्थिती कधीच कळत नाही. मग पुढे झालेला फरक मोजायचा कशाशी?

प्रत्येक पावती एका डब्यात टाकायची. पावती मिळाली नाही, तर वस्तू, माप आणि रक्कम त्याच क्षणी घरच्या ग्रुपवर लिहायची. संध्याकाळपर्यंत थांबले की छोट्या रकमा हमखास विसरल्या जातात. नेमक्या त्याच तपासायच्या असतात. बँकेच्या खातेउताऱ्यावर भागत नाही. त्यात दुकानाचे नाव आणि एकूण रक्कम कळते, पिशवीत काय आले ते कळत नाही.

दुसरा कागद कचऱ्याच्या डब्यापाशी चिकटवला. खाण्याजोगे काहीही टाकताना वस्तू, वजन आणि कारण लिहायचे: सडले, मुदत संपली, जास्त शिजले, आवडले नाही. स्वयंपाकघरातला साधा वजनकाटा पुरतो. कच्च्या वस्तूची किंमत तिच्या खरेदीभावाने काढायची आणि शिजवलेल्या पदार्थाची त्यात गेलेल्या जिन्नसांवरून अंदाजाने. हा कागद लोकांना नकोसा वाटतो, कारण त्यावर आपली चूक रोज समोर येते. पण त्याच्याशिवाय निदान अर्धवट राहते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली दिलेल्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगभरात सुमारे १.०५ अब्ज टन अन्न वाया गेले. त्यातला ६० टक्के वाटा घरांचा होता, म्हणजे माणशी वर्षाला ७९ किलो. हॉटेले आणि दुकाने मिळून उरलेला. आपल्या घरातले वजन मांडून पाहीपर्यंत बहुतेकांना आपण या आकड्यात आहोत असे वाटतच नाही.

चार आठवड्यांनी पावतीच्या प्रत्येक ओळीवर एकच खूण केली. एका ओळीला दोन खुणा लागू होत असतील, तर मोठे कारण धरायचे. हिशेब असा निघाला: ठरवून, रास्त भावात घेतलेले आणि वापरले गेलेले ६१ भाग. ऐनवेळी दिसले म्हणून घेतलेले १३. घेतले आणि फेकले ते ९. घरात असताना पुन्हा आणलेले ७. लहान पाकीट किंवा घाईची खरेदी यामुळे जास्त भावाने घेतलेले ६. घरपोच पोहोचवण्याचे आणि हाताळणीचे आकार ४.

या घराची आतापर्यंतची सगळी धडपड एकाच प्रश्नाभोवती होती: स्वस्त कुठे मिळते? तीन ॲप्सवर भाव पाहायचे, सवलतींवर लक्ष ठेवायचे. प्रत्यक्षात भावामुळे जाणारे भाग होते फक्त ६. फेकलेले, दुबार आलेले आणि ऐनवेळचे मिळून २९ होते. त्यांचा संबंध भावाशी नव्हता. किती घेतो आणि किती वेळा घेतो, याच्याशी होता. म्हणून उपायांची सुरुवात भावापासून न करता फेऱ्यांपासून केली. आमच्या मते बहुतेक घरांनी हाच क्रम धरावा.

फेऱ्या कशा वाढतात

चार आठवड्यांत दुकानाच्या फेऱ्या आणि ॲपवरच्या मागण्या मिळून २३ झाल्या. त्यांतल्या ५ ठरवलेल्या होत्या. उरलेल्या १८ कुठल्यातरी एका विसरलेल्या किंवा अचानक संपलेल्या वस्तूसाठी होत्या. पावत्या शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसले की अशा जवळजवळ प्रत्येक फेरीत हवी ती एक वस्तू आली आणि सोबत दोन-तीन न ठरवलेल्या आल्या. ऐनवेळच्या १३ भागांपैकी बराचसा भाग याच फेऱ्यांतून आत आला होता.

याला माणसाचा दुबळेपणा म्हणून सोडून देणे चूक ठरेल, कारण दुकानाची रचनाच तशी असते. पूर्वी गिऱ्हाईक यादी सांगे आणि दुकानदार फळीमागून माल काढून देई. १९१६ साली अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात क्लॅरेन्स साँडर्स यांनी स्वतः माल उचलण्याचे दुकान उघडले आणि मग माल थेट हाताला लागू लागला. १९३७ साली ओक्लाहोमा सिटीतले दुकानदार सिल्व्हन गोल्डमन यांनी चाकांची गाडी आणली, कारण हातातली टोपली जड झाली की गिऱ्हाईक खरेदी थांबवते हे त्यांच्या ध्यानात आले होते. हे निरीक्षण आजही आपल्या उपयोगाचे आहे. यादीत दहा-बारा वस्तू असतील, तर गाडी न घेता टोपली घ्यावी. ती जड झाली की आपोआप विचार होतो.

पैसे देण्याच्या पद्धतीचेही तसेच आहे. ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर या संशोधकांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात क्रेडिट कार्डाने पैसे द्यायचे आहेत असे सांगितलेल्या लोकांनी त्याच तिकिटांसाठी रोखीने देणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त बोली लावली. वस्तू तीच, फक्त पैसे हातातून जाताना दिसत नव्हते. म्हणून या घराने ॲप्समध्ये साठवलेली कार्डे काढून टाकली. प्रत्येक वेळी आकडे भरावे लागले की मधल्या मिनिटात निम्म्या मागण्यांची निकड उरत नाही. सवलतीच्या सूचनाही बंद केल्या.

पण मूळ दुखणे वेगळेच होते: वस्तू संपल्यावर कळत असे. तेल संपले हे फोडणीच्या वेळी कळले, तर घरपोच आकार देऊन लहान बाटली मागवण्यावाचून इलाज नसतो. म्हणून वीस नेहमीच्या वस्तूंसाठी 'आणायची खूण' ठरवली. तिचा हिशेब असा: रोजचा वापर गुणिले पुढच्या खरेदीपर्यंतचे दिवस, अधिक थोडी राखीव. महिन्याला चार लिटर तेल लागते आणि किराणा दर १४ दिवसांनी आणायचा आहे, असे धरा. दोन आठवड्यांना दोन लिटर, राखीव अर्धा लिटर. खरेदीच्या दिवशी घरात अडीच लिटरपेक्षा कमी असेल तर यादीत लिहायचे, जास्त असेल तर कितीही सवलत असली तरी नाही. कपड्यांच्या द्रव साबणाचेही तसेच. आठवड्याला पाच धुण्या आणि दर धुणीला ७० मिलिलिटर म्हणजे दोन आठवड्यांना ७००, त्यावर एक-दोन धुण्यांची राखीव.

हा आकडा डोक्यात ठेवायचा नसतो. डब्यावर त्या उंचीला रंगीत पट्टी चिकटवायची. ज्याच्या हातून माल पट्टीखाली जाईल, त्याने यादीत लिहायचे, मग ते मूल का असेना. लिहिण्याचे काम एकट्या स्वयंपाक करणाऱ्यावर सोडले की पद्धत महिनाभरात मोडते.

खरेदीचा ताल ठरला: सुका किराणा आणि साबण-सोडा १४ दिवसांतून एकदा, भाजी-फळे आठवड्यातून दोनदा. मध्येच काही संपले, तर पुढच्या खरेदीपर्यंत त्यावाचून चालवायचे किंवा घरातले दुसरे वापरायचे. अपवाद तीनच ठेवले: औषध, मुलाच्या शाळेची अडलेली गरज आणि मासिक पाळीच्या वस्तू. अपवादांची यादी आधीच लिहून ठेवावी, नाहीतर ऐनवेळी सगळेच निकडीचे वाटू लागते.

यादी लिहिण्याची रीत

यादी आधीही होती, पण ती नुसती नावांची होती: कांदे, तांदूळ, साबण. माप नसलेली यादी अर्धीच यादी होय. दुकानात उभे राहून माप ठरवायचे म्हटले की हात मोठ्या पाकिटाकडे जातो. आता प्रत्येक नावापुढे माप आले: कांदे दीड किलो, साबणाच्या वड्या तीन.

लिहिण्याआधी शीतकपाट आणि कपाट उघडून पाहायचे. आठवणीवर लिहिलेल्या यादीतूनच ते दुबार आलेले ७ भाग तयार झाले होते. एकाच मसाल्याची तीन उघडी पाकिटे आणि मागच्या रांगेत दडलेला दुसरा पिठाचा डबा, असा तो ऐवज होता. हे पैसे लगेच बुडालेले नसतात, अडकलेले असतात. पण त्यांतला काही माल मागच्या मागे मुदतीबाहेर जातो आणि मग खरोखर बुडतो.

रात्रीच्या जेवणाचा बेत सातही दिवसांचा आखायचा नाही. हा मुद्दा ठासून सांगायला हवा, कारण उत्साहाच्या भरात लोक नेमके तेच करतात. आठवड्यात कधी उशीर होतो, कधी कोणी बाहेर जेवते, कधी कालचे उरते. सात दिवसांची भाजी आणली तर दोन दिवसांची सडते. या घराने चार रात्रींचा बेत ठरवला, दोन रात्री उरलेले आणि साठवलेले संपवायला ठेवल्या, एक रात्र मोकळी सोडली. फेकलेल्या ९ भागांवर सर्वांत जास्त परिणाम याच एका बदलाने झाला.

यादी दुकानातल्या विभागांच्या क्रमाने लिहिली, म्हणजे उलटसुलट फिरावे लागत नाही. शेवटी एक ओळ मोकळी ठेवली. तिथे खरेदीला गेलेल्याने मनाला येईल ती एक वस्तू घ्यायची. पाळीपाळीने ती निवड मुलाची आणि आजीचीही. पोटभर खाऊन जाणे ही जुनी सूचना आहे आणि ती अजूनही खरी आहे.

ॲपवरही हाच ताल ठेवला. वस्तू आठवेल तशी टोपलीत टाकत जायची, मागणी मात्र ठरल्या दिवशी एकदाच करायची आणि त्याआधी रात्रभर टोपली तशीच राहू द्यायची. फुकट पोहोचवण्याच्या अटीचा हिशेबही एकदा मांडून ठेवावा. समजा पोहोचवण्याचा आकार १० एकक आहे (एकक म्हणजे कोणत्याही चलनातला एक) आणि अटीसाठी ३० एककांची खरेदी कमी पडते आहे. पुढच्या दोन आठवड्यांत लागणारच आहे अशी वस्तू घातली तर १० वाचले. न लागणारी घातली तर १० वाचवायला ३० गेले.

आता भाव

भाव पाहायचा तो पाकिटाचा नव्हे, मापाचा. ८०० ग्रॅमचे पाकीट ९६ एककांना म्हणजे १०० ग्रॅमला १२. १.२ किलोचे १५० एककांना म्हणजे १०० ग्रॅमला साडेबारा. मोठे पाकीट स्वस्त असतेच असे नाही आणि हे दुकानात उभ्याउभ्या मोबाईलवर दहा सेकंदांत कळते. निव्वळ वजन पाहायचे. डबाबंद वस्तू पाण्यात किंवा पाकात असेल, तर निथळलेले वजन पाहायचे.

तेलात एक खाच आहे. एक लिटर खाद्यतेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम भरते. त्यामुळे लिटरचे पाकीट १०० एककांना आणि किलोचे १०७ एककांना असेल, तर वरवर लिटरचे स्वस्त दिसते. पण त्याचा किलोचा भाव जवळजवळ ११० पडतो, म्हणजे किलोचे पाकीटच परवडते.

सवलतींची भाषाही एकदा उलगडून ठेवावी. '२० टक्के जादा' म्हणजे २० टक्के सूट नव्हे, ती भरते १६.७ टक्के. 'दोनावर एक फुकट' म्हणजे ३३.३ टक्के, पण तीन घ्यायची असतील तरच. 'दुसरे निम्म्या भावात' म्हणजे दोन्ही मिळून २५ टक्के. '५० टक्के आणि त्यावर आणखी २० टक्के' म्हणजे ७० नव्हे, ६० टक्के, कारण दुसरी सूट उरलेल्या निम्म्यावर बसते. उलट दिशेने, पाकिटावरची किंमत तीच ठेवून १०० ग्रॅमचे ९० ग्रॅम केले, तर भाव ११ टक्क्यांनी वाढलेला असतो.

साबण आणि साफसफाईच्या वस्तूंत मापाचा भावही पुरत नाही, वापराचा भाव काढावा लागतो. एक लिटर साधा द्रव साबण ६० एककांना, दर धुणीला १०० मिलिलिटर: दहा धुण्या, म्हणजे दर धुणीला ६. एक लिटर दाट साबण ११० एककांना, दर धुणीला ४० मिलिलिटर: पंचवीस धुण्या, म्हणजे दर धुणीला ४.४. महाग बाटली स्वस्त पडली, पण तिच्या झाकणातल्या रेघेपर्यंतच ओतले तर. सवयीने झाकण भरून ओतले की फायदा संपतो, शिवाय कपड्यांत साबण राहून पुन्हा खळबळावे लागते. या घरात हे घडले आणि झाकणावरच्या रेघेला ठळक शाई फासल्यावर थांबले.

भाजीचा खरा भाव निवडल्यानंतरचा. अर्धा किलोच्या जुडीतून ३०० ग्रॅम हाती लागत असेल, तर भावाला ०.६ ने भागायचे. मग स्वस्त पण देठाळ जुडी आणि महाग पण कोवळी जुडी यांची तुलना खरी होते.

या सगळ्यात एकच गणित पाठ करायचे असेल तर पुढचे करावे. मोठे पाकीट मापाला २० टक्के स्वस्त आहे, पण त्यातले २५ टक्के फेकले जाते. मग वापरलेल्या मालाचा भाव ०.८ भागिले ०.७५, म्हणजे लहान पाकिटापेक्षा जवळजवळ ७ टक्के महाग. जितके टक्के स्वस्त तितकेच टक्के वाया गेले की फायदा शून्य, त्याहून जास्त गेले की तोटा. मोठे पाकीट घ्यावे की नाही, याचे उत्तर दुकानातल्या चिठ्ठीवर नसते. ते कचऱ्याच्या डब्यापाशी चिकटवलेल्या कागदावर असते.

भाववही फक्त वीस वस्तूंची ठेवली. ज्यांच्यावर सर्वांत जास्त पैसे जातात त्याच, बाकीच्यांच्या मागे लागायचे नाही. तारीख, वस्तू, ब्रँड, माप, किंमत, किलो किंवा लिटरचा भाव, दुकान एवढे रकाने पुरतात. दोनेक महिन्यांत कोणत्या वस्तूचा भाव कुठपर्यंत उतरतो ते कळू लागते. मग 'सूट' असे लिहिलेले असले, तरी ती खरी सूट आहे की नेहमीचाच भाव, हे वही सांगते. खरोखर उतरला असेल, तर पुढची उतरण येईपर्यंत पुरेल इतकेच घ्यायचे आणि तेही टिकण्याच्या मुदतीत संपेल इतकेच.

आणलेले टिकवणे

शीतकपाटाचे तापमान कधी मोजलेले नव्हते. पाण्याने भरलेल्या पेल्यात थर्मामीटर ठेवून तो मधल्या फळीवर रात्रभर ठेवला, सकाळी ९ अंश सेल्सिअस निघाले. ते ५ अंशांच्या आत हवे आणि बर्फकप्पा उणे १८ अंशांवर. जंतू ५ ते ६० अंशांच्या दरम्यान झपाट्याने वाढतात. कपाट जास्त भरल्याने हवा फिरत नव्हती आणि दाराची रबरी पट्टी एका कोपऱ्यात सैल झाली होती. पट्टी बदलली, फळ्या मोकळ्या केल्या. भाजी दोन दिवस जास्त टिकू लागली. शिजवलेले अन्न दोन तासांच्या आत शीतकपाटात ठेवायचे आणि तीन-चार दिवसांत संपवायचे, असा नियम केला.

डोळ्यांच्या उंचीच्या फळीवर एक उघडा डबा ठेवला, त्यावर लिहिले 'आधी हे'. अर्धा कांदा, कालची भाजी, मुदत जवळ आलेले दही, सगळे तिथे. नवीन माल नेहमी मागे, जुना पुढे. पालेभाजी न धुता कोरड्या फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात. केळी, सफरचंद आणि टोमॅटो यांतून निघणाऱ्या एथिलीन वायूने शेजारची पालेभाजी पिवळी पडते, म्हणून त्यांना दूर ठेवायचे. कांदे आणि बटाटेही एकाच टोपलीत नकोत.

पाकिटावरची तारीखही नीट वाचायला हवी. 'या तारखेपूर्वी उत्तम' हे चव आणि दर्जाबद्दल असते. ती उलटली म्हणून नीट साठवलेली वस्तू लगेच टाकायची नसते, वास, रंग, चव पाहून ठरवावे. 'या तारखेपर्यंतच वापरा' हे मात्र सुरक्षिततेबद्दल आहे, तिथे पैसे वाचवायला जाऊ नये.

जे फसले

बदल सुरू केल्यावर पहिल्या महिन्याचे बिल १०० वरून ७४ वर आले आणि घरात आनंद झाला. तो आकडा खरा नव्हता. घरातला साठा सुरुवातीला ४० भागांचा होता, महिनाअखेर ३१ चा राहिला. म्हणजे ९ भाग कपाटातून खाल्ले होते आणि खरा वापर ८३ होता. सुरुवातीचा साठा अधिक खरेदी वजा शेवटचा साठा, हे सूत्र न लावता पहिल्या महिन्यावर विश्वास ठेवला, तर दुसऱ्या महिन्यात ८६ चे बिल पाहून माणूस हिरमुसतो आणि सगळेच सोडून देतो. पुष्कळ घरे इथेच थांबतात, म्हणून हे आधीच माहीत असावे.

स्वस्त मिळाले म्हणून तीन महिन्यांचे धान्य एकदम आणले. सहाव्या आठवड्यात त्यात टोके दिसले. या किड्यांची अंडी बहुतेक वेळा आणतानाच मालात असतात. उबदार, दमट जागेत ती फुटतात. थोडे धान्य असेल तर हवाबंद पिशवीत उणे १८ अंशांवर चार दिवस ठेवले की किडे आणि अंडी मरतात. मात्र बाहेर काढल्यावर पिशवी घरातल्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर धान्याला ओल धरते. पण तीन महिन्यांचे धान्य बर्फकप्प्यात मावत नाही. साठ्याची मर्यादा चार आठवड्यांवर आणली आणि प्रश्न मिटला.

दूरच्या मोठ्या दुकानात दोन फेऱ्या केल्या. भावात वाचले ते इंधनात आणि तिथे घेतलेल्या जादा वस्तूंत गेले. ते बंद केले.

मुलाचा खाऊ पहिल्या दोन आठवड्यांत पूर्ण कापला होता. तिसऱ्या आठवड्यात एकाच फेरीत दोन महिन्यांचा खाऊ आला. मोकळी ओळ त्यानंतर सुचली. ती सुरुवातीपासून असती तर बरे झाले असते.

सर्वांत गंभीर अडचण कामाच्या वाटणीची होती. नोंद, यादी, भाववही आणि शीतकपाट हे सगळे घरातल्या एकाच बाईच्या अंगावर आले. पाचव्या आठवड्यात नोंदी थांबल्या. बचत घराची आणि श्रम एकाचे, असे चालत नाही आणि चालू नये. मग वाटणी झाली: पट्ट्या आणि यादी ज्याच्या हातून संपेल त्याची, सुका किराणा वडिलांचा, भाजी आईची, 'आधी हे'चा डबा आजीच्या देखरेखीत, भाववहीत आकडे मुलाने भरायचे. प्रत्येकाचे काम आठवड्याला अर्ध्या तासाच्या आत आले.

तिसऱ्या महिन्याअखेर

एकूण खरेदी ८१ भाग. ठरवून घेतलेले ६२, म्हणजे एक भाग वाढला, कारण काही ऐनवेळच्या वस्तू रीतसर यादीत आल्या. ऐनवेळचे १३ चे ८, फेकलेले ९ चे ४, दुबार ७ चे २, जास्त भावाने घेतलेले ६ चे ४, पोहोचवण्याचे आकार ४ चा १. फेऱ्या २३ वरून १२ झाल्या: दोन किराण्याच्या, आठ भाजीच्या, दोन अपवादाच्या. १९ भागांची जी घट झाली, तिच्यात कमी भावाचा वाटा फक्त २ चा आहे. बाकी सगळी कमी फेऱ्या, नेमके माप आणि न फेकणे यांतून आली. दुबार खरेदीचे ५ भाग मात्र कायमची बचत म्हणून पूर्ण धरू नयेत. त्यातले काही आज न अडकता पुढे कधीतरी खर्च होणारच आहेत.

म्हणून पगाराच्या दुसऱ्या दिवशी वेगळ्या खात्यात १९ नव्हे, १४ भाग वळवायचे ठरले. महिनाअखेर उरेल ते वळवू असे म्हटले, तर उरत नाही, घरातला दुसरा एखादा खर्च ते गिळतो.

उरलेले ८ ऐनवेळचे भाग तसेच राहू द्यायचे ठरले, कारण त्यातला मोठा भाग मोकळ्या ओळीचा आहे आणि तीच ही पद्धत टिकवून धरते. जास्त भावाचे ४ भागही सोडले: आजीला झेपेल असे लहान पाकीट आणि घराजवळच्या दुकानातले दूध. कचऱ्याच्या डब्यापाशीचा कागद आता रोज भरत नाहीत. दर तीन महिन्यांनी एक आठवडा तो पुन्हा लावायचा, त्या आठवड्यात फेऱ्या मोजायच्या, डब्यांवरच्या पट्ट्या बदललेल्या वापरानुसार वर-खाली करायच्या आणि शीतकपाटात पाण्याच्या पेल्यातला थर्मामीटर एक रात्र ठेवायचा.